माणसं येण्याआधी

माझं काम माणसं येण्याआधीचं.
खुर्च्या कोऱ्या, मेणबत्तीची वात अजून पांढरी,
केकवर सुरी फिरलेली नाही,
तेवढ्या पाऊण तासात
चवड्यांवर टेबलांभोवती फिरायचं
आणि टिपायचं:
शिंपले, मोती, घडीचे रुमाल,
ताटाताटावर पाहुण्यांच्या नावाची चिठ्ठी.
करारातच असतं, चौकटीत माणूस नको.

शेवगावला अण्णांचा स्टुडिओ होता.
मांडवात क्रेपच्या झिरमिळ्या,
थर्माकोलवर चमकीत 'चि. सौ. कां.'
अण्णा तिकडे ढुंकूनही बघत नसत.
म्हणायचे, पाय तोडू नकोस कुणाचे.
ती कडेची मावशी राहिली बघ, घे तिला.
एका रिळात छत्तीस फोटो
आणि रुसायला टपलेलं अख्खं वऱ्हाड.

फेब्रुवारीत हवारच्या बेटावर गेलो होतो.
मनामाहून गाडी, मग धक्क्यावरून बोट,
बोटीत आम्ही चौघं आणि सहाशे न फुगवलेले फुगे.
बदरियाबाईंच्या आईची साठी.
सजावट कशी, तर 'समुद्र, पण शांत'.
शिजूने पंप लावून फुगे फुगवले,
मोतिया, दुधी, आणि मधोमध चांदीचा एक
परातीएवढा.
मारिवीक ऑर्किडना तिच्या भाषेत रागावत होती.
रफीकुल शिडीवर. तो सहसा शिडीवरच असतो.

दुपारी शमाल सुटला.
समुद्र आधी पिठलं, मग नुसती वाळू.
कमानीचं एक टोक सुटलं,
तीन फुगे पाणकावळ्यांच्या दिशेने गेले
ते गेलेच.
रिसॉर्टचा मॅनेजर सांगून गेला,
पाहुण्यांची बोट आज निघत नाही.

बाईंचा फोन आला. आवाज रडून झालेला.
पुढच्या गुरुवारी घरीच करू म्हणाल्या,
जेवण वाया घालवू नका, खोल्यांचे पैसे भरलेत, राहा.
फोटो तेवढे आधी काढा.
आईला दाखवायचेत.

मग मी काढत राहिले,
आणि ते तिघं माझ्या पाठीमागे
उभे, हात धुऊन, भुकेले,
माझ्या सावलीबरोबर सरकत.

बसायची वेळ आली तर कुणी बसेना.
रफीकुल नोआखालीच्या मक्तबात अक्षरं शिकलेला.
त्याने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, हजेरी घेतल्यासारख्या:
लुलुवा. हाजर.
युसुफ बिन कुणीतरी. हाजर, म्हणाला शिजू,
आणि खुर्ची ओढली.
हम्मूर, केशरी भात, केकचा पहिला तुकडा
साठ वर्षांच्या त्या न आलेल्या बाईसाठी बाजूला.

रात्री आराम करायचा होता.
ते काही आम्हाला नीट जमलं नाही.
मारिवीक आठलाच झोपली, बूट घालून.
शिजू प्रत्येक उशीवर एकेकदा डोकं टेकवून बघत होता.
माझ्या पलंगावर टॉवेलचा हंस,
मान वळवून बसलेला.
मोडवेना.
मी कडेला अंग चोरून झोपले,
खोली त्याची असल्यासारखी.

सकाळी समुद्र अगदी बाईंना हवा तसा.
शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर
रफीकुल पाण्यात पाय सोडून बसला होता.
कुणी त्याला हाक मारली नाही.

मनामाला येऊन फोटो उघडले.
एक्केचाळीस. रुमालाची घडी न् घडी जागेवर.
अडतिसाव्यात चांदीच्या फुग्यावर
काहीतरी काळपट. वाटलं, डाग.
मोठं करून बघितलं:
मी, डोळ्याला कॅमेरा,
आणि माझ्या मागे तिघं, पोट वाकडं, डोकं बारीक,
शिजू जांभई देताना.

पुसायला दोन सेकंद लागतात.
मी आधी पाय मोजले.
आठ.