एकच व्यक्ती असल्याचा दाखला

डिचोलीच्या कचेरीत, दोन नंबरच्या खिडकीत
मी माणसं जुळवते.

आज सगुणबाब आले, तीन नावं घेऊन.
पोर्तुगीज वहीत, शेपट्या काढलेल्या अक्षरांत : सोगुणा गाडी.
शाळेच्या दाखल्यावर सगुण रामा घाडी.
रेशनकार्डावर कुणीतरी त्यांना नाईक करून टाकलेलं.
नातवाला लिस्बनला जायचंय,
तेव्हा या तिघांनी एक असलं पाहिजे,
स्टॅम्पपेपरवर.

मशीनवर अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं.
बत्तीस वर्षं खाणीत, ठसा घासून गेलाय.
पुसून, फुंकर घालून, पुन्हा.
नाही.

‘बाय, त्या वहीतल्या पोराचं मला काहीच आठवत नाही.
शपथेवर सांगू कसं, तो मी म्हणून?’
मग जरा थांबून :
‘एक आठवतं. सातेक वर्षांचा होतो.
काजूच्या बोंडांवरून भांडण, मी दगड मारला.
बुधोचा डोळा गेला.
मारला तो हात हा नव्हे, बघ,
ह्यात त्यातलं काय उरलंय?
तरी दर चवथीला तांदूळ, नारळ नेऊन देतो.
डोळा काही थांबला नव्हता
मी कोण ते ठरायला.’

जेवणाच्या सुट्टीत कधीकधी मी लामगावच्या गुंफेपाशी जाते,
डबा तिथेच खाते.
आधी भिक्षू राहायचे म्हणतात. आता पिंडी आहे,
वर कालचं बेलाचं पान.
कातळातून पाणी झिरपतं,
कुणाच्या नावावर, ते विचारत नाही.
इथे बसून ते सांगत असतील :
या जन्मातून त्या जन्मात जाणारा कोणी नाहीच.
जातं ते फक्त
दगड हातातून सुटल्यावर जातं ते.

माझ्यापुढे मात्र रकाना असतो : नातं काय?
सातवीतली ती मुलगी,
आईला ‘मर एकदाची’ म्हणालेली,
ती कोण तुझी, असं मला अजून कुणी विचारलं नाही.
विचारलं तर
नारळ कुठे नेऊन देऊ?

सही झाली एकदाची. मी शिक्का मारला.
शाई कमी होती. ‘एकच’ ठळक उमटलं,
‘व्यक्ती’ जेमतेम.

ते फाटकाशी पोचले तेव्हा दिसलं,
चष्म्याचं घर खिडकीत राहिलंय.
हाक मारायला तोंड उघडलं. तिघांपैकी कुणाला?
‘अहो,’ म्हटलं,
तर पाच-सहा जण वळले.
त्यांत तेही.