करंगळी जागी

आइसलंडच्या या किनाऱ्यावर मुंगी क्वचितच दिसते,
तरी सोलरूनच्या हाताला रात्री तीन वाजता
मुंग्या येतात.
ती उठून हात झटकते,
थर्मामीटरमधला पारा उतरवावा तसा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर;
अनामिका अर्धीच.
करंगळी मात्र टक्क जागी.
तिची नस वेगळ्या वाटेनं जाते, डॉक्टर म्हणाली.

बावीस वर्षं कॉडचे काटे सोडवले
याच मनगटानं.
आता पट्टी बांधून झोपते,
मनगट सरळ, लाकडी चमच्यासारखं.
कारखान्यात सुरी बदलून मागितली,
मध्येमध्ये थांबणंही. मुकादम कुरकुरला.

परवा कप निसटला.
तुकडे मी वेचले.
आज तिनं माझ्या शर्टाचं बटण लावलं,
न बघता,
आणि दुसरं
मला लावायला सांगितलं.