काट्यावर येत नाही

रात्रीचे साडेआठ. कोपरखैरण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी
भुर्जीवाल्याचा तवा वाजतोय.
मी आबांसमोर पेला घेऊन उभी,
तळहातावर पाण्याची गोळी,
पांढरी, मधोमध रेघ, उडदाच्या डाळीएवढी.
आबा ओठ मिटून भिंतीकडे बघतात.
कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं मापाडी होते,
व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या
पण काटा कधी एका बोटानंही दाबला नाही.
त्या माणसाला मी म्हणते, "आ करा."

पहिल्या आठवड्यात विनवण्या.
मग पुण्याच्या नातवाची शपथ.
मग ओरडले, इतकी
की शेजारच्या पाष्टेकाकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला.
मग एकेक सापडत गेल्या:
उशीच्या खोळीत तीन,
चष्म्याच्या डबीत दोन,
एक बंडीच्या खिशात, धुण्यात विरघळून
खडूसारखी शिवणीला चिकटलेली.
आणि पाय असे सुजलेले
की चपलेचा अंगठा उसवला.

मग मी चोर झाले.
लाटण्यानं गोळी चुरली,
शिकरणात कालवली, वर साखर जास्त.
दोन घास गेले.
तिसऱ्याला थांबले. जिभेनं टाळूवर काहीतरी तोललं,
आणि वाटी माझ्याकडे सरकवली.
बोलले काहीच नाहीत.
दुसऱ्या दिवशी भाकरीचा पापुद्रा उचलून आत बघितलं,
पाणी ट्यूबलाइटच्या उजेडाला धरून प्यायले.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, भूक न्हाई.

एक गोळी पोटात घालायच्या नादात
मी माझ्या बापाला ताटावरनं उठवलं.

शनिवारी भाची आली, मृण्मयी,
केकसाठी घेतलेला डिजिटल काटा घेऊन.
आबा म्हणाले, "आण हिकडं."
पालथ्या हातानं काच पुसली,
जुन्या सवयीनं आधी रिकामा काटा बघून घेतला,
मग दोन बोटांनी गोळी ठेवली.
शून्य.
उचलली, पुन्हा ठेवली.
शून्य.
महिन्यात पहिल्यांदा हसले.
"बघ शैले. काट्यावर येत न्हाई हिचं वजन,
आन् मला रातभर उठवती."

कुठं उठवते?
मान फिरवली. मग सांगितलं,
मला नाही, भिंतीला:
"मोरीपतुर पोचत न्हाई मी.
पहाटं चादर तू पिळतीस.
लेकीनं पिळायची व्हय ती?"

मृण्मयी काट्याचं बटण उगाच चालू-बंद करत राहिली.
मी किती चादरी पिळल्या, मोजल्या नव्हत्या.
त्यांनी मोजल्या होत्या.
एकोणीस.

सोमवारी डॉक्टर सबनीसांना फोन लावला.
"ती गोळी सकाळचीच आहे की. चिठ्ठी बघा."
चिठ्ठी फ्रिजवर, चुंबकाखाली.
सकाळ, स्वच्छ अक्षरात.
रात्रीवर मीच नेली होती,
महापेची सहा पन्नासची कंपनीची बस
चुकू नये म्हणून.

हे आबांना सांगितलं. ओरडले नाहीत.
म्हणाले, "मापात चूक व्हती. मानसाकडनं व्हती."
नंतर बराच वेळ गप्प.

आता पावणेसहाला उठते.
चहाआधी गोळी उघड्या बशीत ठेवते,
शिकरणात नाही, गुळात नाही.
बहुतेक दिवशी घेतात.
गुरुवारी म्हणाले, आज नको,
आणि मी वहीत लिहिलं: आज नको.
शुक्रवारीही म्हणाले, तेव्हा डॉक्टरांना कळवलं,
पण शपथ घातली नाही.

दिवसा चारदा मोरीपर्यंत जातात, स्वतःच्या पायांनी,
भिंतीला हात लावत.
चादर कोरडी असते.

भाकरीचा पापुद्रा मात्र
अजून उचलून बघतात, पहिल्या घासाआधी.
मी वाढायची थांबते,
त्यांचं बघून होईस्तोवर.