मनुकांचं पाणी

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी
आमच्या घरात मनुका शिजतात.
अर्धा किलो, काळ्या, बियांच्या,
नाना पेठेतल्या बोहऱ्याकडून आणलेल्या,
कारण बिनबियांच्या रंग सोडत नाहीत असं आई म्हणायची
आणि तिच्या आधी तिची सासू.
कुस्करायच्या, पंचाच्या फडक्यातून पिळायच्या,
वरून अर्धं लिंबू.
उद्याच्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस
असा आमच्या गॅसवर होतो, दुधाच्या पातेल्यात.

त्यात नशा नसते. वास मात्र जिनाभर.
खालची मेंडोन्सा आंटी विचारते,
"शेलोमी, आज काय, खीर?"
त्यांच्या पलंगाखाली नाताळाआधी दोन महिने बरणी असते,
तिला कुणी पाप म्हणत नाही.
लहानपणी ती ढवळायला मीही जायचे.
पपांना मात्र त्या दारावरून
आई हात धरून न्यायची.

पपा खडकीच्या कारखान्यात होते.
पगाराच्या दिवशी क्वार्टर गेटपर्यंत सरळ यायचे,
पुढच्या चारशे पावलांना दीड तास.
एकदा सायकल विकून आले, घंटी तेवढी खिशात.
ती अजून आहे. वाजवली तर वाजते.

परवा पंचांच्या सभेत नव्या पाळकांनी विषय काढला:
आता खराच द्राक्षारस आणू, नाशिकचा, बाटलीबंद.
पहिल्या मंडळीत काय मनुका शिजवत होते?
रूबेन चांदेकर लगेच म्हणाला, काना गावचं लग्न,
सहा रांजण, सर, तेही पाहुणे आधीच प्यायलेले असताना.
चक्रनारायण मास्तर उठले, त्यांनी नोहापासून सुरुवात केली,
त्याचा मळा, त्याचा तंबू,
लोटाच्या मुलींपाशी आले तेव्हा बायकांनी पदर सारखे केले.
कुणी म्हणालं, पोटासाठी थोडी चालते.
कुणी म्हणालं, पोट कुणाचं बिघडलंय इथे?
चहा आला. नानकटाई आली.
ठरलं: एकदा करून बघू.

मला कुणी विचारलं नाही, मी पातेलं घासणारी.
विचारलं असतं तरी काय सांगणार होते?
प्यावी की पिऊ नये हे मला
माणूस बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

रविवारी ट्रे फिरला. काचेचे चाळीस पेले, अंगुस्तानाएवढे.
पपा माझ्या शेजारी. इस्त्रीचा शर्ट. सहा वर्षं कोरडे.
पेला उचलला, नाकापाशी नेला
आणि थांबले.
मनुका नव्हत्या.
त्यांचा तो चेहरा माझ्या ओळखीचा होता,
भोंगा झाल्यानंतरचा, संध्याकाळचा.
हात थरथरला. बोलले काहीच नाहीत,
पेला फक्त माझ्याकडे सरकवला,
दुधाचा कप मी लहानपणी त्यांच्याकडे सरकवायचे तसा,
साय आली म्हणून.
मी माझा घेतला. मग त्यांचा.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
दोनदा घेणं शास्त्रात बसतं का,
मास्तरांना विचारायला हवं.

परतताना, पदमजी चौकीपाशी,
पपा म्हणाले, "कशी होती?"
कसा होता नाही. कशी होती.
द्राक्षारस पुल्लिंगी असतो, हे त्यांनीच मला
अभ्यास घेताना शिकवलं होतं.
मी म्हटलं, "आंबट. तुरट. ओतून द्यावी अशी."
उपासनेहून येता येता खोटं बोलले.
जिभेवर अजून होती ती, गोडसर,
कानांपर्यंत ऊब चढत गेलेली,
आणि सायकल का विकली असेल ते मला
अंगुस्तानाएवढं का होईना, कळलं होतं.

पपांनी मान हलवली.
रिक्षा गेली, मग टेम्पो, मग आम्ही रस्ता ओलांडला.
बोहऱ्याच्या दुकानासमोर ते थांबले,
"मनुका आहेत का गं घरात?
घेऊन टाक. बियांच्या घे."