शिसं

सियागंजात, हळदीच्या गोदामाच्या जिन्याखाली
माझं दुकान. साडेचार फूट रुंद.
तागड्या दुरुस्त करतो, वजनं भरून देतो.
पाटीवर अजून वडिलांचं नाव,
जनार्दन रणभिसे,
आणि खाली, रंग उडालेलं, ‘आणि मुलगा’.

तो मुलगा मी. वय एकोणपन्नास.

हात कामात असले की तोंड रिकामं असतं,
आणि रिकाम्या तोंडाला मी एकच काम दिलं होतं.
गाढवा, पुन्हा काटा वाकडा केलास.
तुझ्या हातून कधी काही सरळ झालंय?
दहावीला गणितात उडालास,
भाऊ भिलाईला गेला, तू जिन्याखाली राहिलास.
रविवारी देवळात शास्त्रपाठ वाचायला उठलास
आणि तिसऱ्या ओळीवर जीभ अडकली.
मागच्या बाकावर कुणी खोकलं.
खोकला नव्हता तो. हसू होतं.

आवाज मोठा नसायचा.
गाडीवरचा पोहेवाला शेव टाकतो तसा,
सवयीने, मूठमूठ, न मोजता.

मी याला नम्रता म्हणायचो.
पापी माणसाने स्वतःला आणखी काय म्हणावं?
रात्री गुडघे टेकून तीच यादी वाचायचो
आणि तिला प्रार्थना समजायचो.

नाताळच्या आधीचा आठवडा. तिर्झा डबा घेऊन आली,
कॉलेजच्या बॅगेसकट पायरीवर बसली.
मी पाठमोरा, शेगडीवर शिसं वितळत होतं.
‘नालायक,’ मी म्हणालो.
‘कुणाला, पपा?’
‘कुणाला नाही.’
रस्त्यावर हातगाडीवाला ओरडला, भिया, जरा साइड में.
मग डब्याचं झाकण उघडत, अगदी सहज, ती म्हणाली,
‘माझ्या पपांना कुणी असं बोललेलं
मला चालत नाही.
तुम्हीसुद्धा.’

जेवलो. वांग्याची भाजी होती.
मीठ कमी होतं, बोललो नाही.

ती गेल्यावर पाच किलोचं वजन उलटं केलं.
लोखंडाच्या वजनाला बुडाशी एक खळगा असतो.
घासून, आपटून, गंजून वजन उणं होतं,
चार ग्रॅम, कधी दहा.
तीस वर्षं हेच करतोय,
पण उण्या वजनाला मी
आजवर एकदाही शिवी दिलेली नाही.
‘नीट भर’ असंही कधी बजावलं नाही.
बजावून लोखंड वाढतं का?
खळगा खरवडायचा आणि वरून ओतायचं,
आपल्याजवळचं, तापवून.

पळी हातात धरून मी उभाच राहिलो.
तळहातांना खळगे पडलेला कुणी
समोर उकिडवा बसला होता
आणि मला उलटं करून बघत होता.
किती उणं, ते त्याला ठाऊक,
माझ्याहून नेमकं,
आणि माझ्या यादीतला एकही शब्द
त्याच्या तोंडी नव्हता.

पेत्र आठवला. कोंबडा आरवल्यावर
बाहेर अंधारात स्वतःला काय काय म्हणाला असेल तो.
आणि नंतर किनाऱ्यावर, निखाऱ्यांपाशी,
न्याहारी झाल्यावर
त्याला विचारलं गेलं ते फक्त प्रेमाबद्दल.

शिसं ओतलं. चरचरलं, गप्प झालं.
निरीक्षक येतो तेव्हा शिक्का
या शिशावर मारतो,
लोखंडावर नाही.

आवाज थांबला असं लिहिलं
तर खोटं माप होईल.
मंगळवारीच परत आला,
‘गाढवा’ इथपर्यंत पोचलाही.
म्हटलं, थांब. हा माल माझा नाही,
मालकाला विचारून ये.
गेला, कुरकुरत. पुन्हा येईल.
वजनंही पुन्हा येतातच, दर दोन वर्षांनी.

रविवारी परत उठलो वाचायला.
तिसऱ्या ओळीवर अडकलो,
श्वास घेतला, बोट ओळीवर तसंच ठेवलं.
मागच्या बाकावर कुणी खोकलं.

खोकलाच होता तो.
यंदा इंदूरला थंडी फार आहे.