खोली नंबर अकरा, भायखळा

"निगेटिव्ह आहे," म्हटलं,
तरी रोहिदास उठेना.
बोटावरचा कापूस उलगडत बसला,
जणू खरा निकाल आत आहे.

गोळीचं सांगितलं: रोज एक,
लागण व्हायच्या आधीची.
तो हसला. "आधीची? मॅडम,
झोप उडायच्या आधीची
आहे का एखादी?"

पूर्वी मी चिठ्ठी द्यायचे.
चिठ्ठ्या तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या नाहीत;
जिन्यातच सापडायच्या, पिचकाऱ्यांच्या कोपऱ्यात,
चार घड्या घातलेल्या.

आज खिडकीला 'जेवणाची सुट्टी' लावली,
साडेअकरालाच.
लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला.
मीही थांबले,
गुडघ्याचं निमित्त करून.

डॉक्टर लोबोंच्या दारात
चपला काढाव्या लागत नाहीत.
त्याने काढल्या.