निवेदनाचा चौथा मसुदा

टाम्पेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
ओउती दिवा लावते, गार कॉफी तशीच पिते,
आणि मसुद्यातलं पहिलं वाक्य पुन्हा खोडते:
"आमची कंपनी सादर करत आहे..."

काय सादर होतंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.
नकाशे काढणारं सॉफ्टवेअर, आवृत्ती सात.
कुणीही घ्यावं, उघडून बघावं,
बदलावं, पुढे द्यावं.
पण सादर कुणी केलं?
इथे तिची बोटं अडखळतात.

कारण उंचीच्या रेषा तळ्याच्या काठाशी येऊन तुटायच्या,
त्या सांधल्या टाइस्तो विर्क्कुनेनने.
चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस,
त्याला वळणं कळतात.
एकवीस रात्री लागल्या, बिल कुणालाच लावलं नाही.
आणि चिन्हं नव्याने काढली योएन्सूच्या एका शाळकरी पोरीने,
जिचं खरं नाव अजून कुणाला माहीत नाही,
ती स्वतःला पाणमांजर म्हणवते.

हेही खरं, की सर्व्हरचं भाडं
महिन्याच्या महिन्याला कंपनीच भरते.
चौघांचे पगार. त्यातला एक ओउतीचा.
गेल्या वर्षी टाइस्तोचं ओउलूचं रेल्वे तिकीटसुद्धा
कंपनीच्याच खात्यातून निघालं.
तिथे मांडणीवर फलक होता तीन मीटरचा, निळा,
वर कंपनीचं बोधचिन्ह टरबुजाएवढं,
खाली कोपऱ्यात सगळ्यांचं, जांभळाच्या बीएवढं.
कुणीतरी टाइस्तोला विचारलं,
"तुम्ही या कंपनीत कधीपासून?"
त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.
तिकिटाची पावती मात्र त्याने जपून ठेवलीय.

वरून निरोप आलाय: मंगळवारीच जाहीर करा,
बुधवारी प्रदर्शन उघडतंय, गिऱ्हाइकं येणार.
सगळ्यांनी मिळून ठरवला होता शुक्रवार.
स्कोल्त सामी भाषेतलं काम अर्धंच झालंय,
आणि ते करणारी बाई
गुरुवारपर्यंत रेनडिअरांच्या मागे आहे.
तुरी अजून बाजारातच,
पत्रकं मात्र छापून आलीत.

ओउती फोन लावते.
"टाइस्तो, तुझं नाव घालू का?"
पलीकडे भांडी घासल्याचा आवाज.
"नाव राहू दे. रेषा कुठे तुटत होत्या ते लिही,
लोक तिथे जाऊन बघतील.
आणि कंपनीचं नाव गाळू नकोस हं,
भाडं काय मी भरणारय?"

फिन्निशमध्ये एकच शब्द आहे: मे.
मी हे मराठीत लिहितोय, म्हणून मला फट दिसते.
'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर.
'आपण' म्हटलं की सरकून
त्याला बसायला जागा द्यावी लागते.
ओउतीला हा भेद कुणी शिकवलेला नाही,
तरी दोन तास ती त्याच उंबऱ्यावर बसलीय,
घरचीही आणि पाहुणीही.

मग ती दोन कागद करते.
मंगळवारचा कंपनीचा:
रात्री-अपरात्री अडलात तर फोन करा,
आमची माणसं उत्तर देतील, दर असे असे.
जे खरोखर विकायला आहे तेवढंच.
शुक्रवारचा वेगळा. त्याचं पहिलं वाक्य:
"तळ्याच्या काठाशी रेषा आता तुटत नाहीत."
भाडं कोण भरतं, ते सहाव्या ओळीत, स्पष्ट.

रात्री साडेअकराला साहेबाचं, वेइयोचं, एका ओळीचं उत्तर:
"छान आहे. पण यात 'मे' कुठे आहोत?"

आम्ही कुठे आहोत?
आपण कुठे आहोत?
मी दोन्ही लिहून ठेवलंय.
अजून एकही खोडलेलं नाही.